काळा दोरा आणि नारिंगी जाकीट

गेल्या पावसाळ्यात मी एक कविता केली. कविता नानावर होती. नाना म्हणजे माझा चुलता. रेल्वेत कीमन आहे, आपल्याकडं चावीवाला म्हणतात तो. पेशवाईत आपल्या माणसाच्या मनगटाला काळा दोरा होता, आता अंगात नारिंगी जाकीट आहे, खूण तीच, नुसता रंग बदलला, असं त्या कवितेत होतं. वस्तीतल्या कार्यक्रमात वाचली. टाळ्या पडल्या. मी खूश.

नाना सुट्टीला आला तेव्हा त्यालाही वाचून दाखवली. नाना जेवत होता. शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दोरा कुणी बांधला?"

"पेशव्यांनी."

"जाकीट कुणी आणलं?"

मी गप्प.

"जाकीट आम्ही भांडून घेतलं, लेका. युनियनच्या हर मीटिंगमध्ये मागितलं. ते अंगात नसतं तर तू कविता नसती केलीस. माझ्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापत बसला असतास." आणि भाकरी मोडून जेवायला लागला.

मित्रांनो, मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा दहावीपर्यंत. बाकी जे काय वाचलं ते रात्रपाळी करून, विहारातल्या कपाटातलं. नानाच्या त्या एका प्रश्नानं माझी झोप उडाली. कविता मी फाडली नाही, पण तिच्यातला इतिहास कच्चा होता. म्हणून हा लेख. रूळावर राबणाऱ्या माणसाच्या खांद्यावर जी थैली आहे आणि अंगात जे जाकीट आहे, त्यांचा इतिहास काय, हे मी माझ्यापुरतं शोधलं. ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी दोरा. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिलं. त्यात पेशवाईचं वर्णन आहे. अस्पृश्यानं मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून कुणाला त्याचा विटाळ व्हायला नको. पुण्यात कमरेला झाडू, आपलीच पावलं पुसायला. गळ्यात मडकं, थुंकायला. ही आपल्याला मिळालेली पहिली 'वर्दी'. तिचा हेतू एकच. माणूस लांबून दिसावा आणि लांबच राहावा.

दुसरं ओझं वेठीचं. महारानं गावात सरकारी माणूस आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहायचं. त्याला मजुरी नाही, त्याला नाव वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, ते या वेठीच्या विरुद्ध. वतनं कायद्यानं गेली १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे दुसऱ्याची पिशवी आपल्या डोक्यावर, ही काय लई जुनी गोष्ट नाही. आज्याच्या लहानपणापर्यंतची आहे.

आता रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान. इंजिनांची नावं शाळेच्या पुस्तकात मिळतात. रूळ टाकणाऱ्या एकाही माणसाचं नाव मिळत नाही.

बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. २५ बोगदे. ३७ फूट चाललं की एक फूट चढ. १८६१ साली या एका घाटात ४० हजारांवर माणसं राबत होती. कड्यावरून दोरानं लटकून सुरुंगाची भोकं पाडायची. खाली पटकीनं माणसं मरत होती. १८५९ साली मजुरी थकली म्हणून घाटातले मजूर उठले, दंगल झाली. त्याच साली नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत मेला. पुढं त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, ठेका पुरा केला. ही नवराबायको इतिहासात आहेत. पटकीनं मेलेले मजूर 'हजारो' या एका शब्दात आहेत.

गावकुसाबाहेरची माणसं रेल्वेत का गेली? गावात वेठ होती, इथं रोकडा पगार होता. गावात पाणवठा बंद, इथं निदान इंजिनाच्या टाकीचं पाणी कुणाची जात विचारत नव्हतं. म्हणून रेल्वेला आपली माणसं नुसत्या शिव्या देत नव्हती. आजा तर म्हणायचा, "गाडीनं आपल्याला गाव सोडायला शिकवलं." हे खरं आहे. पण गाव सोडून माणूस कुठं पोचला? रूळावर. आणि तिथंच थांबला.

इथं मनमाड येतं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे त्यांनी याच परिषदेत सांगितलं. ही ओळ आपण बॅनरवर लिहितो, भाषणात म्हणतो. पण त्या भाषणातला पुढचा भाग फार जण वाचत नाहीत. मीसुद्धा नव्हता वाचला.

बाबासाहेबांनी तिथं गँगमनचा हिशोब मांडला. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला वर चढायला जागा नाही. हमाल म्हणजे पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामाला राबवतो. मास्तर सवर्ण, त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? म्हणून पोर्टरची जागासुद्धा बंद. कारकुनी बंद. वर्कशॉपात मेकॅनिक होणं बंद. आणि त्याच भाषणात त्यांनी गिरणीचंही सांगितलं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण धोट्यातल्या कांडीचं सूत तोंडानं ओढून काढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलं की सूत विटाळतं! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी युनियनपुढं आणला होता.

मी ज्या रिंग खात्यात उभा राहतो तिथं माझ्या आधी शंभर वर्षं आपली माणसं का उभी होती, हे मला मनमाडच्या भाषणानं सांगितलं. आज माझ्या खात्यात सगळ्या जातीची पोरं आहेत, बिहारची आहेत, ओरिसाची आहेत. नानाच्या गँगमध्येही तसंच. रेल्वेनं २०१८ साली सगळ्यात खालच्या पायरीच्या ६२,९०७ जागा काढल्या तर पावणेदोन कोटींवर अर्ज आले. पदवीवाले पोरं पहार घेऊन उभे आहेत. म्हणून गँगमन म्हणजे आपलाच, असं आता म्हणता येत नाही. पण ते काम कुणाचं समजलं जात होतं, ते अजून कामाच्या अंगावरून गेलेलं नाही.

आता थैली.

नानाची थैली मी उचलून पाहिलीय. घरातल्या पिठाच्या भरल्या डब्याहून जड. आत काय काय? हातोडा. स्पॅनर. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा, चार-दोन जादा. रबरी पॅड, लायनर. रूळ तडकला तर तात्पुरता आवळायला फिशप्लेट आणि शिकंजा. लाल झेंड्या, हिरवी झेंडी. शिट्टी. अंधार असेल तर तीन रंगांचा टॉर्च. आज्याच्या वेळी रॉकेलची हातबत्ती होती, काच फिरवली की रंग बदलायचा. आणि पत्र्याच्या डबीत फटाके.

हे फटाके दिवाळीचे नव्हेत. कूपर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८४१ साली धुक्यासाठी काढलेली युक्ती. पत्र्याची चपटी डबी, आत दारू, दोन पट्ट्या. पट्ट्या रूळावर वाकवून डबी बसवायची. चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हरला कळतं, पुढं धोका आहे.

कीमननं रोज आपला बीट पायी चालायचा. जाताना एका रूळावर नजर, येताना दुसऱ्या. समजा रूळ तुटलेला दिसला. तर तिथं लाल झेंडी रोवायची आणि गाडी जिकडून येणार तिकडं पळायचं. ब्रॉडगेजला ६०० मीटरवर एक फटाका. पुढं पळायचं. १२०० मीटरवर तीन फटाके, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. मग झेंडी धरून उभं राहायचं. खडीवरून सव्वा किलोमीटर पळून पाहा, म्हणजे कळेल. आणि लाइन एकेरी असेल तर दोन्ही बाजूंनी धोका.

म्हणजे त्या थैलीत नानाचं स्वतःचं काही नाही. तिच्यात गाडीतल्या हजार-दीड हजार माणसांचा जीव आहे. वेठीची पिशवी साहेबाची होती, ही पिशवी सगळ्या प्रवाशांची आहे. वाहणारा मात्र तोच. फरक एवढाच, आणि हा फरक छोटा नाही, की हिचा पगार मिळतो आणि हिच्यासाठी युनियन करता येते.

याच थैलीच्या शेजारी दुसरी पेटी ठेवून पाहा. गार्डाची लाइन पेटी. तिच्यातही झेंड्या, फटाके, बत्ती, औषधाचा डबा, नियमांचं पुस्तक. गाडी सुटायच्या आधी ती डब्यात चढवायची आणि पोचली की उतरवायची, यासाठी वेगळा माणूस. बॉक्स पोर्टर. पेटी एकाची, डोकं दुसऱ्याचं. २०१८ पासून रेल्वेनं या लोखंडी पेट्या काढून चाकाची ट्रॉली बॅग द्यायला सुरुवात केली. गार्ड आणि ड्रायव्हरच्या संघटनांनी विरोध केला. बॅगेत फटाके असतात, ते घेऊन गर्दीतनं फिरायचं का, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण आम्ही काय हमाल आहोत का, हाही सूर त्यात होता. मी नानाला विचारलं. नाना म्हणाला, "आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, तुमची थैली कोण उचलणार." पेटीवाल्याची रोजी गेली, त्याचा आवाज मला कुठंच सापडला नाही. २०२२ साली गार्डाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं. गँगमनचंही नाव बदललं. आधी ट्रॅकमन, मग ट्रॅक मेंटेनर. नाव बदललं, थैलीचं वजन तेवढंच.

आता जाकीट. हा रंग आला कुठनं?

१९३३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, बॉब स्वित्झर नावाचा विद्यार्थी पोटापाण्याच्या कामावर असताना माल उतरवताना पडला. डोक्याला मार लागला, नजर अधू झाली. डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्या अंधारात त्यानं आणि त्याचा भाऊ ज्यो यानं चमकणाऱ्या रसायनांचा नाद धरला आणि त्यातनं हे भडक रंग निघाले. म्हणजे या रंगाचा जन्मच कामावरच्या अपघातातनं आहे.

रूळावर हे जाकीट पहिल्यांदा आलं १९६४ साली, स्कॉटलंडमध्ये. ग्लासगो शहरात विजेच्या गाड्या सुरू झालेल्या लाइनीवर ब्रिटिश रेल्वेनं कामगारांना नारिंगी जाकिटं देऊन पाहिली. वाफेचं इंजिन लांबून ऐकू येतं, विजेची गाडी चोरपावलानं येते. त्या जाकिटांना तिथं काजवे म्हणायचे. नारिंगीच का, तर लाल आणि हिरवा हे सिग्नलचे रंग, त्यात गफलत नको. आजा म्हणायचा, लाइनीवर लाल सदरा घालून जायचं नाही. कारण तेच.

जाकिटाचं काम दोन तऱ्हेनं चालतं. नारिंगी कापड उन्हातले डोळ्याला न दिसणारे किरण पिऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतं. म्हणून ते पहाटे आणि ढगाळ हवेत उठून दिसतं. पण रात्री इंजिनाच्या दिव्यात ते किरण नसल्यात जमा, तेव्हा कापड निकामी. रात्री कामाला येते ती चांदीसारखी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात. दिवा जिकडून आला तिकडंच ते उजेड परत पाठवतात. आता हे जाकीट तेल, ग्रीस, धूळ आणि रोजची धुलाई यांत किती दिवस टिकणार? रंग उडाला, मणी झडले की जाकीट राहतं, दिसणं जातं. नानाचं एक जुनं जाकीट आजीनं खिडकीला पडदा लावलंय. त्याची पट्टी आता राखाडी झालीय. मी टॉर्च मारून पाहिला. काही परत आलं नाही.

मग नवं जाकीट असलं म्हणजे झालं का? नाही. ताशी ११० किलोमीटरची गाडी सेकंदाला तीस मीटर येते. ड्रायव्हरला नाना दिसला तरी गाडी जागेवर थांबत नाही. तो फक्त हॉर्न मारू शकतो. खरा जीव वाचवतो तो लांब उभा राहून शिट्टी मारणारा माणूस, आणि खरा ब्लॉक, म्हणजे काम चालू असताना गाडी बंद. माणसं कमी केली की शिट्टी मारणाराच पहार हातात घेतो. तिथं जाकीट काय करणार?

काकोडकर समितीनं फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११, या चार वर्षांत ड्यूटीवर असताना सुमारे १,६०० रेल्वे कामगार मेले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले. म्हणजे रोज एकाहून जास्त. दोन गाड्यांची टक्कर झाली की देश टीव्हीपुढं बसतो. हे एकेक करून मरतात, म्हणून यांची बातमी आतल्या पानावर.

१३ फेब्रुवारी २०२३. पहाटे पावणेसहाच्या सुमारास लासलगाव आणि उगाव स्टेशनांच्या मधे रूळावर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना गाडीनं उडवलं. चौघं मेले. गाडी कुठली? एक्सप्रेस नव्हे, मालगाडी नव्हे. वरच्या विजेच्या तारा दुरुस्त करणारी रेल्वेचीच टॉवर वॅगन. ती उलट्या दिशेनं आली.

तारीख पुन्हा वाचा. १३ फेब्रुवारी. मनमाडच्या परिषदेचा दुसरा दिवस. बरोबर ८५ वर्षं. आणि लासलगाव मनमाडपासून चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. मी योगायोग वगैरे मानत नाही, कुणी मानू नये. पण आपण मनमाडच्या परिषदेवर भाषणं करतो तेव्हा आपल्याला ही दुसरी तारीख का आठवत नाही? मला माहीत नव्हती. नानाला होती. पुढच्या वर्षी, २२ जानेवारी २०२४ ला रात्री, वसई आणि नायगावच्या मधे सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तीन कामगार लोकलखाली गेले. तीही त्याला पाठ होती.

आज्याची एक गोष्ट सांगतो. १९७४ च्या मे महिन्यात, ८ ते २७ तारखेपर्यंत, रेल्वेचा देशभर संप झाला. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. आठ तासांची ड्यूटी आणि बोनस या मुख्य मागण्या. आजा तेव्हा तिशीच्या आत. वीस दिवस पोलिसांना चुकवून नातेवाइकांच्या गावी राहिला. जाताना घरातनं काय घेतलं? भाकरी आणि फटाक्यांची डबी. आजी म्हणाली, ही कशाला? आजा म्हणाला, "संप माझा आहे. रूळ पण माझाच आहे. वाटेत तुटका दिसला तर?" हे ऐकून मी लहानपणी हसलो होतो. आता हसू येत नाही. ज्या माणसाला गाव शिवून घेत नव्हतं, त्यानं संपात असतानासुद्धा गाडीतल्या अनोळखी माणसांचा जीव खिशात ठेवला होता.

आता माझ्या गिरणीचं. आमच्याकडं कापसाचा फुफाटा उडतो. तोंडाला लावायचे मास्क खोक्यात आहेत. तपासणीला साहेब येणार असला की खोकं उघडतं, साहेब गेला की बंद होतं. मी त्यावर कधी भांडलो नाही. कविता केल्या. नानानं जाकिटासाठी मीटिंगा केल्या, मी जाकिटावर कविता केली. दोघांत शहाणा कोण?

तरी माझी कविता पूर्ण खोटी होती असंही मी म्हणत नाही. मी नानाला परत जाऊन सांगितलं. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली गणवेशाचा भत्ता ठरला. स्टेशन मास्तरला वर्षाला १० हजार, ट्रॅकमनला ५ हजार. चिखलात, ग्रीसमध्ये कपडे कुणाचे फाटतात? ज्याचे जास्त फाटतात त्याला अर्धे. मनमाडला बाबासाहेबांनी जी शिडी दाखवली, तिच्या पायऱ्या या हिशोबात अजून दिसतात. नाना म्हणाला, "हां, आता बोललास. हे लिही."

म्हणून लिहिलं. काळा दोरा दुसऱ्यानं बांधला होता, तो माणूस लांब राहावा म्हणून. जाकीट आपण मागून घेतलं, गाडी लांब राहावी म्हणून. दोन्हींना एका ओळीत बसवणं म्हणजे मागणाऱ्यांचं भांडण पुसणं. पण जाकिटावर थांबणं म्हणजे मनमाड विसरणं. मनमाडला नुसती चांगली थैली मागितली नव्हती. थैली वाहणाऱ्याच्या पोराला वरच्या सगळ्या जागा उघड्या करा, अशी मागणी होती. दोन्ही मागण्या बरोबरच मांडायच्या. नवं जाकीट, पुरेशी माणसं, खरा ब्लॉक. आणि शिडी.

दोस्तहो, एक काम करा. तुमच्या वस्तीत रेल्वेतनं रिटायर झालेला एखादा म्हातारा असेलच. गँगमन, खलाशी, पेटीवाला, कुणीही. त्याच्याकडं वही घेऊन बसा. थैलीत काय होतं, किती चालायचा, गँगमधलं कोण कोण रूळावर गेलं, नाव, गाव, साल, सगळं उतरून घ्या. त्याला आधी भाषण ऐकवू नका. कविता तर मुळीच ऐकवू नका. येत्या १३ फेब्रुवारीला आपण मनमाडच्या परिषदेचा कार्यक्रम घेऊ तेव्हा त्या वह्या घेऊन या. बाबासाहेबांच्या फोटोपुढं हार ठेवतो, त्याच्या शेजारी ती नावं वाचू.

पहिली वही मी आणतो. आज्याच्या गँगमधली अकरा नावं झालीत. नाना म्हणतो, अजून आहेत.

जयभीम.